मजलिस : बसण्याची जागा आणि बसण्याचा हक्क

वाचकहो, ‘मजलिस’ हा शब्द आपणांपैकी कुणालाच परका नाही. मोहरमच्या दिवसांत जी शोकसभा भरते तिला मजलिस म्हणतात. विद्वानांच्या चर्चेस, कवींच्या मेळाव्यास मजलिस म्हणण्याची चाल आहे. शिवकाळातील मराठी कागद चाळू लागलो तर तेथे हाच शब्द ‘मजालस’ असे घरचे रूप घेऊन भेटतो. आणि वर्तमानपत्रात इराणच्या किंवा मालदीवच्या कायदेमंडळाची बातमी असली, तर तेथेही मजलिसच. शोकसभा, विद्वत्सभा, न्यायसभा आणि विधिमंडळ या चार गोष्टींना एकच नाव कसे पडले, आणि त्या नावात मूळचा अर्थ कोणता, याचा थोडा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मागोवा शब्दाचा असला तरी वाटेत बराच इतिहास भेटतो आणि त्या इतिहासात रक्तही सांडलेले आहे.

शब्दाचे गोत

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. ‘मजलिस’चा धातू ज-ल-स हा आहे. ‘जलस’ म्हणजे बसणे. प्रारंभी ‘म’ लावून त्या क्रियेचे स्थान दाखविणारे नाम अरबीत तयार होते. जसे सज्दा करण्याची जागा ती मस्जिद, तशी बसण्याची जागा ती मजलिस. पुढे जागेचे नाव तेथे बसलेल्या मंडळींना लागले. आपण मराठीत ‘बैठक’ म्हणतो तेव्हा नेमके हेच घडते. बैठक म्हणजे अंथरलेली गादी, बैठक म्हणजे सभा आणि बैठक म्हणजे गाण्याची मैफलदेखील.

याच धातूची आणखी काही लेकरे मराठीच्या घरात वाढली आहेत. ‘जलसा’ हा त्यांतलाच. सत्यशोधकांचे जलसे, आंबेडकरी जलसे यांनी तो शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचविला. न्यायाधीशाच्या बैठकीस ‘इजलास’ म्हणत. आणि ‘जुलूस’? आज आपण जुलूस म्हणजे मिरवणूक समजतो. पण त्याचा मूळ अर्थही बसणे हाच. आणि तेही साधे बसणे नव्हे, तर तख्तावर बसणे, राज्यारोहण. मोगल रुपयांवर जो ‘सन जुलूस’ असे तो म्हणजे बादशहा तख्तावर बसल्यापासूनचे वर्ष. मराठ्यांच्या टांकसाळींतून निघालेल्या कित्येक रुपयांवरही दिल्लीच्या बादशहाचे नाव व जुलूस-वर्ष छापले जाई. राज्यारोहणाच्या थाटामुळेच पुढे या शब्दाला मिरवणुकीचा अर्थ चिकटला.

तेव्हा वाचकहो, एवढे ध्यानात ठेवावे, की एकाच धातूतून दोन शब्द निघाले. एकटा उंच आसनावर बसतो तो जुलूस. अनेक जण एकत्र बसतात ती मजलिस. या लेखात पुढे जे सांगावयाचे आहे ते सारे या दोन बसण्यांतील झगड्याविषयीच आहे.

जाता जाता आपल्या संस्कृतोद्भव शब्दांकडेही पाहावे. ‘सद्’ म्हणजे बसणे. एकत्र बसण्याची जागा ती संसद. सभोवती बसावे ती परिषद. गुरूच्या जवळ बसून ऐकावे ते उपनिषद. जो बसतो तो सदस्य आणि बसण्याचे घर ते सदन. इंग्रजी ‘पार्लमेंट’ हा शब्द बोलणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आला. पण तिच्या कामकाजाला ‘सेशन’ म्हणतात आणि त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ पुन्हा बसणे हाच. अरबीने आणि संस्कृतने एकमेकींस न विचारता कायदेमंडळाच्या नावासाठी एकच क्रिया निवडली, याचे नवल वाटते. परंतु थोडा विचार केला तर नवल राहत नाही. उभा असतो तो हुकूम ऐकण्यासाठी. बसतो तो आपलेही काही सांगण्यासाठी.

तंबूतून मशिदीत, मशिदीतून दरबारात

इस्लामपूर्व अरबस्तानात टोळीचे वडीलधारे एकत्र बसून भांडणे मिटवीत, प्रवासाचे आणि लढाईचे बेत ठरवीत. मक्केत कुरैश टोळीच्या सल्लामसलतीसाठी ‘दार-उन्-नदवा’ नावाचे स्वतंत्र घर होते. इस्लामच्या उदयानंतर मदिनेची मशीद ही नमाजाची जागा होती, तशी समाजाच्या कारभाराचीही होती. पवित्र कुराणातील अल-मुजादिला या अठ्ठावन्नाव्या सूरेच्या अकराव्या आयतीत ‘मजालिस’ हे अनेकवचन आले आहे. बैठकीत इतरांना जागा करून द्या असे सांगितले गेले, की जागा करून द्यावी, असा तेथील आशय आहे. वरवर पाहता ही साधी शिष्टाचाराची गोष्ट वाटते. पण मजलिस या शब्दाचा पुढचा सारा इतिहास ‘कोणाला जागा करून द्यावयाची’ याच प्रश्नाभोवती फिरला आहे, हे वाचकांच्या पुढे लक्षात येईलच.

अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये विद्येच्या मजलिसी भरू लागल्या. शिक्षक मधोमध बसे, विद्यार्थी सभोवती बसत आणि बाहेरगावचा कोणी विद्वान आला तर त्यालाही जागा मिळे. वादविवादाच्या मजलिसींत निरनिराळ्या पंथांचे व धर्मांचे पंडित समोरासमोर बसत.

मात्र राजसत्ता जसजशी बळावत गेली, तसतशी दरबारातील बैठक आकसत गेली. मोगल दरबारात बादशहा बसे आणि अमीर-उमराव आपापल्या दर्जाप्रमाणे रांगेत उभे राहत. कोण कोठे उभा, यावरूनच त्याची किंमत कळे. इ. स. १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभे केले गेले आणि पुढे काय घडले, ते महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तो प्रसंग आपण स्वाभिमानाचा म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. पण तो जागेचाही प्रसंग होता. जेथे एकाचे बसणे बाकीच्यांना उभे करते, तेथे मजलिस संपते आणि जुलूस उरतो.

दख्खनची ‘हाजिर मजालस’

दरबारात असे असले, तरी दख्खनच्या गावांत व परगण्यांत मजलिस जिवंत होती. बहमनी, निजामशाही व आदिलशाही अमलात आणि पुढे मराठेशाहीतही, वतनाचा किंवा पाटीलकीचा तंटा उभा राहिला म्हणजे तो एकट्या अधिकाऱ्याने सहसा तोडू नये, अशी रीत होती. सरकारी अंमलदार, काजी, देशमुख, देशपांडे, गावोगावचे पाटील, शेटे, महाजन आणि बलुतेदार एकत्र बसत. दोन्ही पक्षांचे म्हणणे, साक्षी-पुरावे ऐकून निर्णय होई. त्याचा जो कागद होई त्यास ‘महजर’ म्हणत आणि त्याच्या आरंभी ‘हाजिर मजालस’ म्हणून उपस्थितांची नावे लिहिली जात. हाजिर, महजर आणि आपल्या शाळेतील हजेरी हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. अर्थ, समक्ष असणे. म्हणजे निकालाचे बळ नुसत्या शिक्क्यात नव्हते. इतके लोक समक्ष बसले होते, यातही होते.

या महजरांवरील निशाण्या पाहण्यासारख्या आहेत. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपल्या धंद्याचे हत्यार काढून सही केली आहे. पाटलाचा नांगर, व्यापाऱ्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी. निरक्षर मनुष्यही मजलिसीत साक्षीदार म्हणून मोजला जात होता, याचा याहून बोलका पुरावा कोणता असावा?

परंतु जुन्या गोष्टींचे गोडवे गाताना त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही मजालस नवे कायदे करीत नसे. चालत आलेला हक्क कोणाचा, एवढेच ती ठरवी. नावे मानपानाच्या क्रमाने लिहिली जात आणि गावगाड्याची उतरंड तेथेही सुटत नसे. बसण्याचा मान वतनाने मिळे, निवडणुकीने नव्हे. जागा होती, पण ती सर्वांची नव्हती.

नेमलेल्या मजलिसी

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या दडपणाखाली मुस्लिम राज्यांत सुधारणांचे वारे वाहू लागले आणि जुन्या शब्दाला नवे काम मिळाले. ट्युनिसियात १८६१ च्या राज्यघटनेने साठ सभासदांची ‘मजलिस-अल-अकबर’ स्थापन झाली. सभासद बे या राज्यकर्त्याने नेमलेले होते आणि १८६४ च्या बंडाळीत घटनाच गुंडाळली गेली. इजिप्तमध्ये खेदिव इस्माइल याने १८६६ मध्ये पंचाहत्तर जणांची मजलिस बोलाविली. तिला सल्ला देता येत होता, अडविता येत नव्हते. तुर्कस्तानच्या सुलतानाने डिसेंबर १८७६ मध्ये राज्यघटना दिली. मार्च १८७७ मध्ये इस्तंबूलमध्ये ‘मजलिस-ए-मबऊसान’, म्हणजे प्रतिनिधींची मजलिस भरली. तीत मुसलमानांबरोबर ख्रिस्ती व यहुदी प्रतिनिधीही बसले. पण रशियाशी चाललेल्या युद्धात प्रतिनिधी टीका करू लागताच, फेब्रुवारी १८७८ मध्ये सुलतान अब्दुल हमीद याने तिला सुट्टी दिली. ती सुट्टी तीस वर्षे चालली!

या तिन्ही प्रकरणांतून एकच धडा निघतो. वरून दिलेली जागा वरूनच काढून घेता येते.

साखरेचा भाव आणि इराणची मजलिस

आता वाचकांनी थोडा वेळ तेहरानच्या बाजारात यावे. डिसेंबर १९०५. रशिया-जपान युद्धामुळे मालाची आवक घटली होती आणि साखर महागली होती. तेहरानच्या सुभेदाराने साखरेच्या व्यापाऱ्यांना पकडून त्यांच्या तळपायांवर छड्या मारविल्या. बाजार बंद झाला. व्यापारी आणि धर्मगुरू शहराबाहेरील शाह अब्दुल अझीम यांच्या दर्ग्यात जाऊन बसले. अशा आश्रय घेऊन बसण्यास इराणात ‘बस्त’ म्हणतात. त्यांची मागणी होती ‘अदालतखान्या’ची, न्यायाच्या घराची. शहाने वचन दिले, पाळले मात्र नाही.

१९०६ च्या उन्हाळ्यात पुन्हा लोक उठले. धर्मगुरू निषेध म्हणून कुम शहरी निघून गेले आणि व्यापारी व कारागीर ब्रिटिश वकिलातीच्या बागेत शिरले. प्रथम पन्नासएक होते. पाहता पाहता बारा-चौदा हजार झाले. प्रत्येक पेशाने आपापला तंबू ठोकला, मोठ्या चुली पेटल्या. नव्या विद्यालयांतील विद्यार्थी त्या तंबूंतून फिरून कायद्याचे राज्य म्हणजे काय, हे सुतार-शिंप्यांना समजावून सांगू लागले. ती बाग जणू उघड्यावरची शाळाच झाली आणि त्या शाळेतून मागणी बाहेर पडली : आता अदालतखाना पुरे नाही, मजलिस हवी.

५ ऑगस्ट १९०६ रोजी मुजफ्फरुद्दीन शहाने फर्मान काढले. त्यात राजपुत्र, उलेमा, सरदार, जमीनदार, व्यापारी व कारागीर अशा वर्गांची नावे होती. पण ‘मिल्लत’, म्हणजे राष्ट्र, हा शब्द नव्हता. लोकांनी ते मान्य केले नाही आणि शहाला पुरवणी फर्मान काढावे लागले. अखेरीस नाव ठरले ते ‘मजलिस-ए-शूरा-ए-मिल्ली’, राष्ट्राची सल्लामसलतीची बैठक. एका शब्दासाठी एवढा आग्रह का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की त्या एका शब्दाने जागेचा मालक बदलला. सभासद शहाचे पाहुणे राहिले नाहीत, राष्ट्राचे वकील झाले.

७ ऑक्टोबर १९०६ रोजी पहिली मजलिस भरली. तेहरानच्या वाट्याला साठ जागा होत्या. त्यांपैकी बत्तीस कारागीर-दुकानदारांच्या पेशांना, दहा व्यापाऱ्यांना, दहा जमीनदार व शेतकऱ्यांना आणि राजपुत्र व उलेमा यांना प्रत्येकी चार. छड्या ज्यांच्या पायांवर पडल्या त्यांचेच भाऊबंद आता राज्याचा हिशेब विचारावयास बसले. पारशी वाचकांच्या परिचयाचे नाव म्हणजे अरबाब जमशीद. हे झरतुष्टी व्यापारी पहिल्या मजलिसीत आपल्या समाजाचे प्रतिनिधी म्हणून बसले. स्त्रियांना मात्र मताधिकार नव्हता. तो मिळावयास १९६३ साल उजाडावे लागले. तरी राष्ट्रीय बँकेसाठी पैसा उभा करावयाचे ठरले तेव्हा दागिने देऊ करणाऱ्यांत त्याच स्त्रिया होत्या. जागा नसलेल्यांनी दिलेली ही वर्गणी इतिहासाने विसरू नये.

मजलिसीने लवकरच परदेशी कर्जास नकार दिला. ३० डिसेंबर १९०६ रोजी आजारी शहाने मूलभूत कायद्यावर सही केली आणि काही दिवसांतच तो वारला. ऑक्टोबर १९०७ च्या पुरवणी कायद्यात तर असे लिहिले गेले, की राजपद ही ईश्वरी कृपेने जनतेने राजाकडे सोपविलेली ठेव आहे. म्हणजे आता जुलूसच मजलिसीकडून येऊ लागला!

नव्या शहाला, मुहम्मद अली याला, हे कसे सहन व्हावे? २३ जून १९०८ रोजी रशियन कर्नल लियाखोव्ह याच्या हाताखालील कोसॅक पलटणीने तेहरानच्या बहारिस्तान भागातील मजलिसीच्या इमारतीवर तोफा डागल्या. नामांकित वक्ते मलिक-उल्-मुतकल्लिमीन आणि पत्रकार मिर्झा जहांगीर खान यांना शहाच्या बागेत नेऊन ठार केले. इमारत पडली, पण बैठक मोडली नाही. तब्रीझ शहरात सत्तार खान व बाकिर खान यांच्या नेतृत्वाखाली लोक महिनोन्महिने वेढ्यात लढले. कलकत्त्याहून निघणारे ‘हब्ल-उल्-मतीन’ हे फारसी पत्र घटनेच्या बाजूने उभे होते. जुलै १९०९ मध्ये घटनावाद्यांनी तेहरान जिंकले, शहाला पदच्युत केले आणि मजलिस पुन्हा भरली. १९११ मध्ये रशियाने निर्वाणीचा खलिता धाडला, तेव्हा तिने तो झुगारला. त्याची किंमत म्हणून ती बंद पाडली गेली, ही गोष्ट वेगळी. मान तुकविली नाही, हे महत्त्वाचे.

नाव राहते, अर्थ पळतो

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. मार्च १९२० मध्ये दोस्तांच्या फौजांनी इस्तंबूल ताब्यात घेतल्यावर, तुर्की राष्ट्रवाद्यांनी २३ एप्रिल १९२० रोजी अंकारात ‘ब्युयुक मिल्लेत मेजलिसी’, थोर राष्ट्रीय मजलिस, भरविली. सार्वभौमत्व बिनशर्त राष्ट्राचे आहे, हे १९२१ च्या तुर्की घटनेचे पहिले कलम. १९२२ मध्ये याच मजलिसीने सुलतानपद रद्द केले. आज अझरबैजानची ‘मिल्ली मजलिस’ आहे, उझबेकिस्तानची ‘ऑली मजलिस’ आहे. मालदीवच्या विधिमंडळाचे नाव तर मराठी वाचकाला फार जवळचे वाटावे : ‘रय्यितुंगे मजलिस’, म्हणजे रयतेची मजलिस. शिवकाळापासून आपल्या कागदांत रुळलेली रयत तेथे विधिमंडळाच्या पाटीवर बसली आहे.

पण पाटीवरून आतले ओळखता येत नाही. इराणातच पुढे पहलवी शहांच्या अमलात मजलिस बराच काळ होयबांची झाली. तरी तिनेच १९५१ मध्ये तेलाच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला, हेही सांगितले पाहिजे. १९७९ च्या क्रांतीनंतर तिच्या नावातील ‘मिल्ली’ जाऊन ‘इस्लामी’ आले आणि निवडणुकीस कोणी उभे राहावे, हे निवडणुकीआधीच तपासणारे दुसरे मंडळ तिच्या दारावर बसले. पाकिस्तानात जनरल झिया-उल्-हक यांनी लष्करी अमलात जी ‘मजलिस-ए-शूरा’ जानेवारी १९८२ मध्ये भरविली, तिचे सभासद निवडलेले नव्हते, नेमलेले होते. सौदी अरेबियाच्या मजलिस-ए-शूरेचे दीडशे सभासद राजाच नेमतो. कुवेतची ‘मजलिस-अल-उम्मा’ १९६३ पासून आखातातील जागरूक सभागृह म्हणून नावाजलेली होती. मे २०२४ मध्ये अमिरांनी तिचे विसर्जन केले आणि घटनेची काही कलमे चार वर्षांपर्यंत तहकूब ठेवली.

आपल्या घरचेही एक उदाहरण घ्यावे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायदे करण्यासाठी ‘मजलिस-ए-वज-ए-कवानीन’ स्थापन झाली होती. नाव भारदस्त, फारसी-अरबीने नटलेले. पण तीत अधिकाऱ्यांचा व नेमलेल्यांचाच भरणा होता. औरंगाबादच्या विणकराला किंवा परभणीच्या शेतकऱ्याला तेथे जागा नव्हती.

शेवटी एवढेच

वाचकहो, एका शब्दाचा हा प्रवास पाहिल्यावर काय हाती लागते? मजलिस या शब्दात नुसते बसणे आहे. कोणी बसावे, हे शब्दाने सांगितलेले नाही. ते प्रत्येक पिढीला ठरवावे लागले आहे. कधी ते राजाने ठरविले, कधी वतनाने, कधी तोफेने. आणि कधी बागेत तंबू ठोकून बसलेल्या शिंप्या-सुतारांनी. ज्या बैठकीत बसणाऱ्याला कोणी उठवू शकत नाही आणि जी बैठक ‘नाही’ म्हणू शकते, तीच खरी मजलिस. बाकी सारे दरबार. मग पाटीवर नाव कोणतेही असो.

भारतात १९५० च्या राज्यघटनेने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला एकेक मत दिले. महजरावर नांगर आणि रापी काढणाऱ्यांच्या वंशजांना संसदेच्या बैठकीत जागा मागण्याचा हक्क मिळाला. मजलिस आणि संसद या दोन शब्दांचा अर्थ एकच, हे आपण वर पाहिले. म्हणून हा हक्क दोन्ही भाषांत एकाच क्रियापदाने सांगता येतो.

तरुण वाचकांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. तेहरानच्या त्या बागेत मजलिस मागितली गेली, ती आधी विद्यार्थ्यांनी तंबूतंबूंतून जाऊन शिकविल्यावर. ज्याला वाचता येते त्याने ज्याला येत नाही त्याच्या शेजारी बसावे, ही पहिली मजलिस. आणि बसलो, तर मागून येणाऱ्याला सरकून जागा करून द्यावी. चौदा शतकांपूर्वीची ही शिकवण आपल्या शाळेच्या बाकालाही लागू आहे आणि राष्ट्राच्या सभागृहालाही.